एका रात्रीचं सामान

लॉजच्या माणसाने तिसऱ्यांदा विचारलं, "सोबत कोण आहे?" तेव्हा खिडकीमावशींचं डोकंच फिरलं.

"सोबत ही पिशवी आहे," त्या म्हणाल्या. "तिला वेगळा पलंग नको. आता खोली देता का?"

माणूस काही हसला नाही. एकट्या बाईला खोली द्यायची नाही असा मालकाचा हुकूम आहे, म्हणाला आणि परत मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. त्याच्या आधीच्या लॉजमध्ये खोली मिळत होती, पण दाराची कडी तुटलेली, आणि 'इथे काही होत नाही हो' असं सांगताना तिथला मॅनेजर भलतीकडेच बघत होता. त्याच्याही आधीचं हॉटेल झकास होतं. पण तिथलं भाडं ऐकून मावशी म्हणाल्या, "भाऊ, मला खोली विकत नकोय," आणि त्यांनी तिथून पाय काढता घेतला.

मावशींचा सगळा जन्म बस स्टँडच्या तिकीट खिडकीत गेला. जाळीच्या पलीकडून येईल त्याला तिकीट द्यायचं, सुटे मागायचे, आणि 'गाडी किती वाजता?' या प्रश्नाला दिवसातून शंभरदा तेच उत्तर द्यायचं. त्यामुळे भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे त्यांना खिडकीमावशी म्हणत. कुठल्या गावाला कुठली गाडी, कुठे बदलायची, सगळं तोंडपाठ. आणि स्वतः पाहिलेली गावं कोणती? माहेर, सासर आणि नणंदेचं गाव, संपलं. नोकरी सुटली, मग नवरा गेला, आणि एक दिवस जेवता जेवता मावशींनी जाहीर करून टाकलं, "मी फिरायला जाणार. एकटी."

सुनेच्या हातातला डाव पातेल्यात पडला. मुलगा म्हणाला, "एकटी कशाला? मी रजा काढतो की."

"तू रजा काढलीस की ती तुझी सहल होते. मला माझी पाहिजे."

चार दिवस घरात नुसती धुसफूस. शेवटी दोन अटींवर तह झाला. एक, प्रत्येक ठिकाणी पोचलीस की फोन करायचा. दोन, राहायला धड जागा मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशी मुकाट्याने घरी यायचं. स्टँडवर बसवून देताना तर मुलाने 'पोचलीस की फोन कर'चा असा जप लावला की शेजारचा प्रवासी म्हणाला, "दादा, मी करून देतो काकूंना आठवण." मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी हलताना मुलगा खिडकीशी धावत आला आणि ओरडला, "तू निवांत फिर गं. तोवर तुझी खोली रंगवून घेतो!"

आणि आता पहिल्याच मुक्कामाला ही तऱ्हा. घरी फोन करून 'जागा मिळाली नाही' सांगायचं म्हणजे सगळा बेत पाण्यात. पण ऊन उतरायला लागलं होतं आणि गुडघे बोलायला लागले होते. मावशींनी नाइलाजाने फोन लावला.

मुलगा ओरडला नाही. उलट लगेच म्हणाला, "आई, घाबरू नकोस. त्या गावात सिस्टर लोकांचं कॉन्व्हेंट आहे. ऑफिसातले एकजण सांगत होते, स्वच्छ असतं, स्वस्त असतं, बायकांना एकदम सुरक्षित. मी आत्ता फोन करून सांगतो, तू सरळ तिथे जा."

"कॉन्व्हेंट? अरे, या वयात मला शाळेत घालतोस?"

"आई, शाळा नव्हे गं. तिथे पाहुण्यांसाठी..." एवढ्यात मावशींच्या फोनने मान टाकली.

कॉन्व्हेंट शोधायला त्रास पडला नाही. उंच भिंत, हिरवं फाटक, आत दोन्ही बाजूंना कुंड्या. व्हरांडा इतका लख्ख पुसलेला की मावशींनी न सांगता चपला हातात घेतल्या. दारावरच्या सिस्टर पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या, कमरेला चाव्यांचा जुडगा. मावशींना बघताच लगबगीने पुढे आल्या.

"या, या! आम्ही तुमचीच वाट बघत होतो."

मावशी सुखावल्या. सकाळपासून या गावात त्यांची वाट बघणारं पहिलंच माणूस भेटलं होतं.

"मुलगा आत नाही आला?" सिस्टरांनी फाटकाकडे बघत विचारलं.

"तो कशाला येतोय? तो घरी. मी एकटीच आले, बसने."

"बसमध्ये बसवून दिलं?" सिस्टरांचा आवाज खाली आला.

"दिलं की. तिकडे स्टँडवर अगदी रडवेला झाला होता, गाढव."

"सुरुवातीला रडतात," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी मावशींच्या हातातली पिशवी घेतली. ती उचलून त्यांना नवल वाटलं. "एवढंच सामान?"

"मला काय लागतंय?"

"खरंय. कमीजास्त आम्ही देऊच. तुमच्या मुलाने फोनवर सगळं बोलून ठेवलंय. आता कसलीही काळजी करायची नाही. नाव-गाव सकाळी लिहून घेऊ, आधी पाय धुवा, चहा घ्या."

काय माणसं आहेत, मावशी मनात म्हणाल्या. तिकडे त्या लॉजवाल्याला इथे आणून आठवडाभर फरशी पुसायला लावली पाहिजे.

मुलगा फोनवर पाहुण्यांचं काहीतरी म्हणत होता, तेव्हा मावशींनी एकटीची खोली गृहीत धरली होती. पण सिस्टर त्यांना एका लांबट दालनात घेऊन गेल्या. ओळीने सहा पलंग, पांढऱ्या चादरी, प्रत्येक पलंगाशी एक छोटं कपाट. खरं सांगायचं तर मावशींचा जीव भांड्यात पडला. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती: त्या जन्मात कधी खोलीत एकट्या झोपल्या नव्हत्या. माहेरी बहिणींच्या ओळीत, सासरी नवऱ्याशेजारी, आणि तो गेल्यापासून नात कुशीत. जगाशी भांडून एकटी निघालेली बाई आणि एकटं झोपायची भीती वाटते, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

शेजारच्या पलंगावर एक बारक्या आजी बसल्या होत्या. त्यांनी उशीखालून पेपरमिंटची गोळी काढली आणि मावशींच्या हातावर ठेवली.

"नवीन?"

"आत्ताच आले."

"किती दिवसांचं सांगितलंय?"

"एका रात्रीचंच की."

आजींनी मावशींकडे नीट पाहिलं. मग उशीखाली हात घालून आणखी एक गोळी काढली आणि तीही दिली. "असू दे," त्या म्हणाल्या.

मावशींना याचा अर्थ लागेना. तेवढ्यात सिस्टर सुई-दोरा आणि पांढऱ्या फितीचा एक तुकडा घेऊन आल्या. फितीवर लाल दोऱ्याने सत्तावीस आकडा भरलेला होता. मावशींनी हातपाय पुसायला काढलेला टॉवेल त्यांनी उचलला आणि त्याच्या कोपऱ्यावर फीत शिवायला घेतली.

"अहो, हे काय?"

"तुमचा नंबर. सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात ना, मग अदलाबदल होते. उद्या बाकीच्या कपड्यांनाही लावून देते."

"पण एका रात्रीला नंबर कशाला?"

सिस्टरांनी दोरा दाताने तोडला. मावशींच्या पाठीवर हात ठेवला. इतका मऊ हात, की मावशी एकदम सावध झाल्या.

"पहिल्या दिवशी सगळ्या असंच म्हणतात," सिस्टर म्हणाल्या. "इथे चांगलं असतं हो. रविवारी भेटायलाही येता येतं."

सिस्टर गेल्या. मावशी सत्तावीस नंबरचा टॉवेल मांडीवर घेऊन बसून राहिल्या. दालनातल्या सगळ्या बायका म्हाताऱ्या होत्या, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. कपाटांवर औषधांच्या बाटल्या होत्या, नातवंडांचे फोटो होते. एका रात्रीसाठी कुणी फोटो आणून मांडत नाही.

मग एकेक गोष्ट डोक्यात जुळायला लागली, आणि ती थांबवता येईना. मुलगा ओरडला कसा नाही? कॉन्व्हेंटचं नाव त्याच्या ओठांवर तयारच कसं होतं? स्टँडवर त्याचे डोळे का भरले होते? आणि ती खोली! कुणासाठी रंगवतायत खोली? नात मोठी झाली आहे, तिला अभ्यासाला जागा लागते, असं सून गेल्याच महिन्यात म्हणाली होती. मावशीच तेव्हा म्हणाल्या होत्या, माझं काय, मी कुठेही पडेन. घ्या, पडा आता कुठेही!

त्यांना राग यायला हवा होता. तो आलाच नाही. त्यांना नुसतं रडू आलं. सांगितलं असतंस तर आले असते रे, त्या मनात म्हणत होत्या. फसवून कशाला?

दालनात कुणापुढे रडायला नको म्हणून त्या अंगणात गेल्या. पलीकडे एका छोट्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून एक बाई बसल्या होत्या. केस बारीक कापलेले, कपडे कडक इस्त्रीचे, आणि पायाशी एक भली मोठी निळी बॅग. उंबऱ्याच्या आतही नेलेली नव्हती.

"बसा ना," बाई म्हणाल्या. "तुम्ही इथल्याच का?"

"असं दिसतंय," मावशी म्हणाल्या. "तुम्ही?"

"मी आपली एका रात्रीची पाहुणी. मुलाने मघाशीच सोडलं फाटकापाशी. त्याला पुढे काम होतं, गाडीतूनसुद्धा उतरला नाही. उद्या सकाळी न्यायला येतोय. मग आम्ही दोघं फिरायला जाणार."

मावशींना त्या बाईचा इतका हेवा वाटला की त्यांची त्यांनाच लाज वाटली. बघा, असतात असेही मुलगे. आईला फिरायला नेतात, रात्रीपुरती चांगली खोली बघून देतात. मावशींची नजर बॅगेवर गेली, काहीतरी बोलायचं म्हणून त्या म्हणाल्या, "एका रात्रीला बॅग मोठी आणलीत."

"त्यानेच भरली," बाई कौतुकाने म्हणाल्या. "मला हातसुद्धा लावू दिला नाही."

मावशी उठल्या. जे काय असेल ते त्याच्याच तोंडून ऐकू, असं ठरवून त्या तडक सिस्टरांच्या ऑफिसात गेल्या आणि फोन चार्जिंगला लावून मागितला. फोनमध्ये जरा धुगधुगी येते न येते तोच तो वाजला.

"आई! अगं कुठे आहेस? तासाभरापासून फोन बंद! इकडे माझा जीव जायची वेळ आली!"

मावशींनी जे बोलायचं म्हणून ठरवलं होतं ते सगळं बाजूलाच राहिलं. "अरे," एवढंच निघालं, "मला इथे किती दिवस ठेवलंयस?"

"म्हणजे? एका रात्रीचं सांगितलंय मी. जास्त राहायचंय का? आवडलं? खोली बरी आहे ना? आतून कडी लागेल अशी द्या म्हटलं होतं मी, दोनदा म्हटलं होतं. कडी लावून बघितलीस का?"

मावशींनी पदरात नाक पुसलं.

"आई? आणि ऐक, रंगवाला आलाय इथे. बदामी करायची की आकाशी, काय ते सांग. ही म्हणतेय आकाशी, पण मी म्हटलं, खोली आईची आहे, तिला विचारल्याशिवाय डबा उघडायचा नाही. आई, रडतेयस का तू? निघू का मी? आत्ता निघतो."

"खबरदार निघालास तर," मावशी हुंदके देत म्हणाल्या. "बदामी कर. आणि बायकोला सांग, पुढच्या वेळी आकाशी करू."

त्यांनी फोन ठेवला तेव्हा सिस्टर टेबलापलीकडे उभ्याच होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तुम्ही... एका रात्रीच्या पाहुण्या?"

"मग काय सांगत होते मी?"

सिस्टर धपकन खुर्चीत बसल्या. "दोन मुलांचे फोन आले होते हो आज. एक म्हणाला, आई एका रात्रीसाठी येतेय. दुसरा म्हणाला, आईला वृद्धाश्रमात कायमचं ठेवायचंय. त्या बाई आल्या, म्हणाल्या एका रात्रीची आलेय, उद्या मुलगा नेणार आहे. तुम्ही आलात, म्हणालात मुलगा आलाच नाही, बसमध्ये बसवून दिलं. नाव विचारायला काय जीभ झडली होती माझी!"

मावशींना हसू फुटणार होतं. मुलाने टाकलं नाही, खोली आपलीच आहे, उद्याची गाडी आपलीच आहे. छातीवरचा धोंडा उतरला होता. पण हसू ओठांपर्यंत येऊन तिथेच थांबलं, कारण त्यांना ती निळी बॅग आठवली.

"म्हणजे त्या बाईंना..."

"हो," सिस्टर म्हणाल्या आणि उठायला लागल्या. "सांगायला हवं. माझं कामच आहे ते."

मावशींनी त्यांचा हात धरला. त्या बाईला आता काय कळणार, हे त्यांना चांगलं माहीत होतं. थोड्याच वेळापूर्वी त्या स्वतः तेच सोसून आल्या होत्या, आणि त्यांचं तर खोटं निघालं होतं.

"आज नको, सिस्टर. आजची रात्र त्यांना पाहुणी राहू दे. खोली त्यांचीच. मी झोपते तिकडे, गोळ्यावाल्या आजींच्या शेजारी. मला सोबत आवडते."

सकाळी मावशी आवरून बाहेर आल्या तर बाई फाटकाजवळच्या बाकावर होत्या. निळी बॅग शेजारी. खांद्यावर स्वेटर, जाड लोकरीचा, हिवाळ्यातला. आणि ऊन तर सकाळपासूनच तापायला लागलं होतं. मावशी शेजारी टेकल्या. कसं बोलावं, कुठून सुरुवात करावी, काही सुचेना. आयुष्यभर त्यांनी लोकांना 'गाडी रद्द आहे' असं न अडखळता सांगितलं होतं. आज जीभ उचलेना.

"गरम नाही होत?" शेवटी त्या म्हणाल्या.

"होतंय ना," बाई म्हणाल्या. "मीच विणलाय हा, चार हिवाळ्यांपूर्वी. काल रात्रीचे कपडे काढायला बॅग उघडली तर वरच होता. खाली कानटोपी, पायमोजे, रजई. उन्हाळ्यात फिरायला जाताना कोण भरतं हो एवढं?"

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मला कालच कळलं," बाई म्हणाल्या. "आधी खूप रडले. मग म्हटलं, खोली छान आहे, चादर स्वच्छ आहे, आतून कडी लागते. एक रात्र पाहुण्यासारखं झोपून घ्यावं."

"मग इथे का बसलात?"

"त्या सिस्टर पहाटेपासून दोनदा माझ्या दारापर्यंत येऊन परत गेल्या. बिचारीला सांगवत नाहीये. म्हटलं, थोडा वेळ वाट बघू, मग आपणच म्हणू, 'आलेला दिसत नाही, आत जाते.' म्हणजे कुणालाच काही बोलायला नको."

मावशींनी त्यांचा हात हातात घेतला आणि दोघी तशाच बसून राहिल्या. दूधवाला आला आणि गेला. फाटक वाजलं तेव्हा बाईंची मान वळली होती, सवयीने. ती मान वळणं मावशींनी पाहिलं आणि त्यांना ते सहन झालं नाही. त्यांनी पिशवीत हात घातला आणि टॉवेल काढला.

"हा घ्या. माझा आहे, पण नंबर तुमचा आहे. सत्तावीस. चुकून लागला."

बाईंनी टॉवेल उलगडला, फितीवरून बोट फिरवलं आणि नाक मुरडलं. "टाके बघा कसे घातलेत! उसवून परत शिवते. बाकीचेही माझे मीच लावीन, सिस्टरांना सुई धरता येत नाही." त्या उठल्या, स्वेटर काढून हातावर घेतला. "तुमची गाडी कधी?"

"आता निघायलाच हवं."

बाई फाटकापर्यंत आल्या. मावशी रस्त्यावर उतरल्या तेव्हा मागून हाक आली, "अहो, पोचलात की फोन करा हं! इथल्या ऑफिसात करा, मी येईन."

दुपारी पुढच्या गावी उतरल्यावर मावशींनी खोली शोधली नाही, चहासुद्धा घेतला नाही. स्टँडवरच्या एका बाकावर बसून फोन लावला. सिस्टर "थांबा हं, बोलावते" म्हणाल्या. चपलांचा आवाज जवळ आला, जरा घाईघाईचा.

"पोचलात?"

"पोचले."

"पाणी प्यायलात का? ऊन फार आहे. मुलाला कळवलंत?"

"नाही अजून. आधी तुम्हाला केला."

पलीकडून बाई घसा साफ करून म्हणाल्या, "वेड्या आहात. ठेवा आता, आणि त्याला करा आधी. वाट बघत असेल तो."